‘एक नंबर माल’ कागदावर आणा

प्रश्न : साताऱ्यात घर बांधतोय. नगरपालिकेने नकाशा मंजूर केलाय. ठेकेदार चौरस फुटाचा दर सांगून म्हणतो, ‘माल एक नंबर वापरीन.’ आणखी लेखी मागितलं तर तो दुखावेल, असं घरच्यांना वाटतं. मंजूर नकाशा पुरेसा नाही का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मंजूर नकाशा घर नियमात बसतं एवढंच सांगतो, सळई कोणती, काँक्रीट कोणतं, हे ठरवत नाही. ते स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या आराखड्यात आणि करारासोबतच्या तपशीलपत्रात हवं. ‘एक नंबर’ला मोजमाप नसतं. त्याऐवजी लिहा : स्लॅबचं काँक्रीट किमान एम २०, सळई एफई ५०० डी, आतला गिलावा १२ मिमी. टाइल्स, नळ, वायरिंग यांचा ब्रँड आणि मॉडेल, किंवा निदान दराची मर्यादा लिहा. ‘किंवा तत्सम’ हे शब्द दिसले, की पुढे ‘मालकाच्या लेखी संमतीने’ जोडा.

चौरस फूट कसा मोजणार, हेही आधीच ठरवा. बाल्कनी, जिना, पोर्च धरायचा का? पाण्याची टाकी, कंपाउंड दरात आहे का? बहुतेक भांडणं इथेच होतात.

काम सुरू झालं असेल तरी हरकत नाही, उरलेल्या कामाचं तपशीलपत्र आता करा. पैसे टप्प्याटप्प्याने द्या. स्लॅब ओतण्याआधी इंजिनिअरकडून सळईची बांधणी तपासून घ्या; नंतर ती दिसत नाही. चांगला ठेकेदार यावर रागावत नाही, कारण लेखी तपशील त्यालाही तुमच्या वाढत्या मागण्यांपासून वाचवतो. निःसंकोच मागा.