ज्वारीचा मुरघास आणि मेंढीचे पोषण

कोरडवाहू प्रदेशातील मेंढीचे वर्ष दोन असमान भागांत विभागलेले असते. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत माळावर कोवळे गवत उपलब्ध असते. मेंढी पोटभर चरते व अंगाने भरते. पुढील सात-आठ महिने मात्र तिला वाळलेले गवत, पिकांची खुंटे आणि झाडपाला यांवर दिवस काढावे लागतात. नेमक्या याच काळात तिच्यावरील भार सर्वाधिक असतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फळलेल्या मेंढ्या जानेवारी-फेब्रुवारीत वितात. म्हणजे गर्भाची झपाट्याने होणारी वाढ आणि कोकराचे दूध या दोन्ही गोष्टी माळ ओसाड होत असतानाच साधाव्या लागतात. २०१९ च्या पशुगणनेनुसार भारतात सुमारे ७ कोटी ४२ लाख मेंढ्या होत्या आणि त्यांपैकी फार मोठा भाग तेलंगण, आंध्र प्रदेश, कर्नाटक, राजस्थान व तामिळनाडू या राज्यांत होता. यांपैकी बहुतेक राज्यांत कोरडवाहू ज्वारीही पिकते. तेव्हा पावसाळ्यातील ज्वारी उन्हाळ्यातील मेंढीपर्यंत कशी पोचवावी, हा प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. कित्येक कोकरांचे जगणे-मरणे त्यावर अवलंबून असते.

हिरवी ज्वारी वाळवून तिचा कडबा करणे हा या प्रश्नाचा जुना तोडगा होय. कडबा टिकतो, परंतु धान्य पिकेपर्यंत ताटातील बहुतेक पोषक द्रव्ये कणसात गेलेली असतात; पाने झडतात आणि हिरवेपणाबरोबर जीवनसत्त्व ‘अ’ चा मूलस्रोत असलेले कॅरोटीनही जवळजवळ नाहीसे होते. मुरघास हा दुसरा तोडगा. त्यात चारा वाळवला जात नाही, तर मुरवला जातो.

मुरघास कसा घडतो

हिरव्या चाऱ्याची बारीक कुट्टी करून ती खड्ड्यात दाबून भरली व हवा आत जाणार नाही अशा रीतीने झाकली, म्हणजे प्रथम वनस्पतीच्या जिवंत पेशी आत अडकलेला प्राणवायू वापरून संपवतात. त्यानंतर प्राणवायूवाचून वाढणारे जीवाणू चाऱ्यातील साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार करू लागतात. आम्लता वाढत जाऊन सामू सुमारे ४ पर्यंत खाली आला, की हे जीवाणूही थंडावतात आणि कुजवणाऱ्या इतर जीवाणूंना तर वावच राहत नाही. चारा त्या अवस्थेत स्थिर होतो. खड्डा साधारणपणे दीड महिन्यानंतर उघडावा. उत्तम मुरघास पिवळसर हिरवा असतो व त्याला आंबूस पण सुखद वास येतो. काळपट तपकिरी रंग जास्त उष्णता झाल्याचे, तर सडका, उग्र वास अपायकारक आंबवण झाल्याचे लक्षण होय.

आपल्याकडे जमिनीतील पेवात धान्य साठवण्याची पद्धत जुनीच आहे. हवा कोंडली की माल टिकतो, हे तत्त्व शेतकऱ्याला अपरिचित नाही. युरोपात फ्रान्समधील ऑग्युस्त गोफार यांनी १८७७ मध्ये मक्याच्या मुरघासावर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तेथून या पद्धतीचा प्रसार झाला. चारा टिकवण्याच्या आम्लपद्धतीचे जनक फिनलंडचे आर्तुरी विर्तानेन यांना १९४५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, यावरून या विषयाचे महत्त्व ध्यानात यावे.

एक गोष्ट मात्र आरंभीच स्पष्ट करावयास हवी. मुरण्याच्या क्रियेने चाऱ्यात नवे पोषण निर्माण होत नाही. उलट, काम उत्तम साधले तरी शेकडा १० ते १५ भाग शुष्कांश खर्ची पडतो. खड्ड्यात जे गेले नाही ते खड्ड्यातून निघणार नाही. म्हणून मुरघासाची प्रत प्रामुख्याने दोन दिवशी ठरते : ज्या दिवशी ज्वारी कापली त्या दिवशी, आणि ज्या दिवशी खड्डा बंद केला त्या दिवशी.

कापणीची वेळ

ज्वारी अगदी कोवळी कापली तर तिच्यात प्रथिने अधिक असतात, परंतु पाणीही फार असते; खड्ड्यातून रस पाझरून जातो आणि आंबवण बिघडते. फार जून झाल्यावर कापली तर ताट काष्ठमय होते, कुट्टी दाबली जात नाही आणि हवा आत राहते. निम्म्या पिकाला फुलोरा आल्यापासून दाणा हुरड्याला येईपर्यंतचा काळ यासाठी योग्य ठरतो. त्या वेळी शुष्कांश साधारणतः शेकडा २८ ते ३५ असतो. मूठभर कुट्टी घट्ट आवळून सोडावी : पाणी ठिबकले तर चारा ओला आहे, गोळा तत्काळ फुटून विखुरला तर तो जास्त सुकला आहे, हात ओलसर होऊन गोळा सावकाश सुटला, तर वेळ बरोबर आहे.

कोवळ्या ज्वारीविषयी आणखी एक भय असते. तिच्यात धुरीन नावाचे द्रव्य असते व त्यापासून जनावराच्या पोटात हायड्रोसायनिक आम्ल हे तीव्र विष सुटते. पेरणीनंतरचे पहिले दीड महिने, पावसाने ओढ दिल्यावर आणि कापलेल्या बुडख्याला फुटलेल्या नव्या फुटव्यांत हे प्रमाण विशेष वाढते. मुरघास करताना यातील बराचसा भाग नाहीसा होतो. तथापि खड्डा हा विष धुऊन काढण्याचा उपाय मानून करपलेली कोवळी ज्वारी बेधडक भरणे शहाणपणाचे नाही.

पोषणमूल्य

तीन प्रकारच्या ज्वारीच्या वैरणीतील घटकांची स्थूल तुलना पुढीलप्रमाणे करता येईल. प्रथिने व एकूण पचनीय द्रव्ये यांचे आकडे शुष्कांशाच्या शेकडेवारीत दिले आहेत. वाण, जमीन व कापणी यांनुसार त्यांत फरक पडतो.

कडबा : शुष्कांश सुमारे ९०; प्रथिने ३ ते ५; एकूण पचनीय द्रव्ये ४५ ते ५०.
फुलोऱ्यातील हिरवी ज्वारी : शुष्कांश २२ ते २८, प्रथिने ७ ते ९, एकूण पचनीय द्रव्ये ५५ ते ६०.
मुरघास : शुष्कांश २८ ते ३५, प्रथिने ६ ते ८, एकूण पचनीय द्रव्ये ५२ ते ५८.

या आकड्यांवरून मुरघासाचे बळ व उणीव दोन्ही दिसून येतात. ऊर्जेच्या दृष्टीने तो हिरव्या चाऱ्याच्या निकट आहे आणि कडब्यापेक्षा निश्चितच सरस आहे. प्रथिनांच्या बाबतीत मात्र तो काठावर उभा आहे. मेंढीच्या कोठीपोटात असंख्य सूक्ष्मजीव राहतात. तंतुमय चारा पचवण्याचे काम तेच करतात. चाऱ्यातील प्रथिनांचे प्रमाण शेकडा ७ च्या खाली गेले, की या सूक्ष्मजीवांना नत्र अपुरे पडते, पचन मंदावते आणि पोट लवकर रिकामे न झाल्याने मेंढी खाणेच कमी करते. पुढ्यात वैरण असताना मेंढी खंगते, ती अशी.

शिवाय मुरघासातील नत्राचा बराच भाग मुरताना मूळ प्रथिनांच्या रूपात राहत नाही. तो लवकर विरघळणाऱ्या साध्या संयुगांत बदलतो. त्याचा उपयोग करून घेण्यास सूक्ष्मजीवांना त्याच वेळी सहज मिळणारी ऊर्जा हवी असते. परंतु चाऱ्यातील साखर तर लॅक्टिक आम्ल बनण्यात खर्च झालेली असते. मुरघासाबरोबर थोडे भरडलेले धान्य किंवा मळी दिल्यास लाभ होतो, तो या कारणाने.

मेंढीची गरज

प्रौढ, गाभण नसलेल्या मेंढीला तिच्या आहारातील शुष्कांशात शेकडा ९ च्या आसपास प्रथिने पुरतात. गर्भकाळ सुमारे १५० दिवसांचा असतो आणि गर्भाच्या वजनाची दोन-तृतीयांशाहून अधिक वाढ अखेरच्या सहा आठवड्यांत होते. त्या वेळी ही गरज ११ पर्यंत आणि दूध देताना १३ किंवा त्याहूनही वर जाते. म्हणजेच केवळ मुरघासावर रिकामी मेंढीसुद्धा जेमतेम तग धरील. गाभण व दुभती मेंढी तर आपल्या शरीरातील साठा झिजवील.

ही उणीव भरून काढणे अवघड नाही. ३० किलोग्रॅम वजनाच्या गाभण मेंढीला रोज २ किलोग्रॅम मुरघास दिला, तर त्यातून सुमारे ६०० ग्रॅम शुष्कांश व ४२ ग्रॅम प्रथिने मिळतात. त्याला ३०० ग्रॅम भुईमुगाच्या वाळलेल्या वेलांची जोड दिली तर सुमारे ३० ग्रॅम आणि १०० ग्रॅम भुईमुगाच्या पेंडीची जोड दिली तर सुमारे ४० ग्रॅम प्रथिने वाढतात. एकूण सुमारे १ किलोग्रॅम आहारात प्रथिनांचे प्रमाण शेकडा ११ च्या घरात येते. शेवटच्या सहा आठवड्यांतील एवढा खुराक कोकराच्या जन्मवजनात व मेंढीच्या दुधात परत मिळतो.

पेंड परवडत नसेल तर खड्डा भरतानाच क्विंटलमागे अर्धा किलोग्रॅम युरिया पाण्यात विरघळवून कुट्टीवर सर्वत्र सारखा शिंपडण्याची पद्धत आहे. त्याने शुष्कांशातील प्रथिनांचे गणिती प्रमाण ४ ते ५ ने वाढते. परंतु युरिया एका जागी साचला तर तो विषच होय. असा मुरघास हळूहळू अंगवळणी पाडावा व लहान कोकरांना देऊ नये. येथे गंधकाचाही विचार करावा लागतो. लोकरीत शेकडा ३ ते ४ गंधक असते आणि ज्वारीत ते कमीच असते. त्यातच उरलेसुरले सायनाइड निरुपद्रवी करण्यासाठीही मेंढीचे शरीर गंधकच खर्च करते. मेंढीच्या आहारात १० भाग नत्रामागे १ भाग गंधक असावे, हा ठोकताळा युरिया वापरणाऱ्याने विसरू नये. क्षारमिश्रण देताना ते मेंढ्यांसाठीचेच आहे याची खात्री करावी. गाईंच्या मिश्रणातील तांबे मेंढीला बाधते.

मेंढीसाठी विशेष दक्षता

गाईसाठी जो मुरघास चालतो तो मेंढीला चालेलच असे नाही. मेंढी लांब तुकडे निवडून टाकते. म्हणून कुट्टी १ ते २ सेंटिमीटरची असावी. दाण्यांबाबत मात्र मेंढी वरचढ आहे. गाईच्या शेणातून ज्वारीचे बरेच अखंड दाणे बाहेर पडतात, तर मेंढी ते अधिक बारीक चावून पचवते.

सर्वांत मोठा धोका बिघडलेल्या मुरघासाचा. जेथे हवा शिरून आम्लता घटली आहे, तेथे लिस्टेरिया नावाचे जीवाणू वाढतात. त्यांनी मेंदूला सूज आलेली मेंढी मान वाकडी करून एकाच बाजूला गरगर फिरू लागते व बहुधा दगावते. गाभण मेंढ्या गर्भ टाकतात. बुरशी आलेला थर ‘थोडाच आहे’ म्हणून मेंढ्यांपुढे टाकू नये.

याच कारणाने खड्ड्याचे आकारमान कळपाच्या संख्येवरून ठरवावे. एक घनमीटरमध्ये सुमारे ५०० किलोग्रॅम मुरघास मावतो. खड्ड्याचे उघडे तोंड २ मीटर रुंद व १ मीटर खोल असेल, तर १०० मेंढ्यांचा कळप रोज सुमारे २० सेंटिमीटर जाडीचा थर संपवतो आणि आतील भाग ताजा राहतो. त्याच खड्ड्यावर २० मेंढ्या असतील तर रोज जेमतेम ४ सेंटिमीटर थर निघतो, आणि उन्हाळ्याच्या दिवसांत तो खाल्ला जाण्यापूर्वीच तापून बिघडतो. लहान कळपासाठी एक-दोन दिवसांत संपतील अशा ४०-५० किलोग्रॅमच्या हवाबंद प्लास्टिक पिशव्या अधिक सुरक्षित ठरतात.

मर्यादा

खड्डा एका जागी असतो. मेंढपाळ मात्र नेहमी एका जागी नसतो. राजस्थानातील रायका, कर्नाटकातील कुरुब किंवा महाराष्ट्रातील धनगर यांच्यापैकी जी कुटुंबे चाऱ्याच्या शोधात मैलोगणती चालतात, त्यांना शेत नाही, म्हणून ज्वारी नाही आणि म्हणून खड्डाही नाही. त्यांच्या पुढ्यात मुरघासाचे गुणगान करणे व्यर्थ आहे. ज्याच्याकडे थोडी जमीन व थोड्या मेंढ्या आहेत, अथवा ज्या गावी चारा पिकवणारा व मेंढ्या पाळणारा परस्परांशी करार करू शकतात, तेथेच ही पद्धत रुजेल.

तेथे मात्र तिचे मोल मोठे आहे. सप्टेंबरमध्ये योग्य वेळी कापलेली, बारीक करून घट्ट दाबलेली आणि त्याच दिवशी झाकलेली ज्वारी फेब्रुवारीत व्यालेल्या मेंढीच्या पोटाला आधार देते. त्या आधारावर मूठभर पेंड घातली, तर कोकराला दूधही मिळते. नुसत्या मुरघासावर कळप पोसला असे समजून जो निश्चिंत झाला, त्याची फसगत ठरलेली. आणि मुरघासाची उणीव ओळखून जो ती भरून काढतो, त्याच्या दावणीला उन्हाळा पूर्वीइतका कठोर राहत नाही.