न्हाणीघरातल्या एक्झॉस्टची मोटर कशी शोधावी

नाशकात किंवा डोंबिवलीत एक्झॉस्टची मोटर जळली की ती उतरवून वाइंडिंगवाल्याकडे टाकायची आणि दोन-तीन दिवसांनी तार नव्याने भरून परत आणायची, ही आपली सवय. अमेरिकेत आणि कॅनडात एवढीशी मोटर कुणी भरून देत नाही, तिच्या जागी दुसरी मोटर शोधावी लागते. इथे पंधरा-वीस वर्षं काढलेल्या मराठी घरांना ‘आधी काय माहीत असायला हवं होतं?’ असं विचारलं, तेव्हा बहुतेकांनी एकच गोष्ट सांगितली: पंखा उघडून आतला नंबर वाचल्याशिवाय काहीही मागवू नका.

पंखा बंद पडला तर ते काम पुढे ढकलू नका. इथल्या घरांचा सांगाडा लाकडी असतो आणि भिंती-छत जिप्सम बोर्डचं. हिवाळ्यात चार-पाच महिने खिडकी उघडत नाही. आपल्याकडे सकाळी सगळ्यांच्या कडकडीत पाण्याच्या आंघोळी पाठोपाठ होतात, वर धुतलेले कपडेही न्हाणीघरातच वाळत घातलेले असतात. ती वाफ छतात मुरते. आधी कोपऱ्यात काळे ठिपके दिसतात, मग रंगाचे पापुद्रे सुटतात. मिशिगनमधल्या एका काकूंनी दोन हिवाळे पंख्याविना काढले, आणि शेवटी छताचा तुकडा कापून बदलावा लागला.

घर भाड्याचं असेल तर स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नका. घरमालकाला फोटोसह ईमेल करा आणि ती जपून ठेवा. नुसतं तोंडी सांगितलं तर पुढे बुरशीचा खर्च कुणाचा, यावर वाद होतो. इथून पुढचं सगळं स्वतःचं घर असलेल्यांसाठी आहे.

आधी मोटरच गेली आहे का, ते बघा. पंखा चालू करून टॉयलेट पेपरचा एक तुकडा जाळीला लावा. पंखा फिरतोय पण कागद चिकटत नाही, तर बहुतेक वेळा मोटर ठीक असते. वाट तुंबलेली असते, झडप अडकलेली असते किंवा माळ्यावर पाइप निखळलेला असतो. नुसता गुणगुणतो पण फिरत नाही, तर बहुधा बेअरिंग आवळलं आहे. अजिबात आवाज नाही, तर आधी बटण आणि वीजपुरवठा तपासा.

उघडण्यापूर्वी पॅनेलमधला ब्रेकर खाली करा. भिंतीवरचं बटण बंद करणं पुरेसं नाही, कारण दिवा आणि पंखा एकत्र असले तर त्याच डब्यात दुसरी जिवंत तार असू शकते. वीज आहे की नाही दाखवणारं पेनासारखं टेस्टर घ्या. ही खरेदी टाळू नका. बहुतेक पंख्यांची जाळी दोन स्प्रिंगांवर लटकते. ती हळूच खाली ओढा, स्प्रिंगचे पाय चिमटीत दाबा, की सुटते. आत वर्षानुवर्षांचा राखाडी कीस साचलेला असेल, तो व्हॅक्यूमने काढा. काही घरांचा पंखा एवढ्यावरच सुरू झाला. मग बोटाने चाक फिरवून बघा. जड फिरत असेल तर दांड्याच्या दोन्ही टोकांना शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडा. खोबरेल किंवा गोडं तेल नको, त्यावर धूळ चिकटून गोंद होतो. तेलाने पंखा काही महिने चालेल, तेवढ्यात मोटर शोधून ठेवा.

आता नंबर. डब्याच्या आतल्या बाजूला एक लेबल असतं, त्यावर पंख्याचा मॉडेल नंबर. मोटरवर वेगळा नंबर छापलेला किंवा ठोकलेला असतो. दोन्हींचे फोटो घ्या. पार्टच्या दुकानात मॉडेल नंबर दिला की पुढचं काम बरंच सोपं होतं. कंपनीने ते मॉडेल बंद केलं असेल तर मोटर मापाने जुळवावी लागते: 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ, किती अँपिअर, दांड्याची जाडी आणि लांबी, स्क्रूच्या भोकांमधलं अंतर, प्लगचा आकार आणि फिरण्याची दिशा. दिशेकडे लोकांचं हमखास दुर्लक्ष होतं. उलटी फिरणारी मोटर बसते, चालते, आवाजही करते, पण हवा नीट ओढत नाही. जुनं चाक काढण्याआधी ते दांड्यावर कुठवर बसलं होतं, त्याची खूण करा. जुनं प्लॅस्टिक ओढताना तडकतं, म्हणून पट्टी, मोटर आणि चाक असा पूर्ण संच मिळाला तर तोच घ्या. स्क्रू काढायचे, प्लग ओढायचा, नवा संच लावायचा, एवढंच काम उरतं.

मुंबईला जाणाऱ्या कुणाला लोहार चाळीतून मोटर आणायला सांगू नका. तिथली मोटर 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झची. इथल्या विजेवर ती अर्ध्या जोराने रखडेल, किंवा सुरूच होणार नाही. इंग्लंडमध्ये वीज भारतासारखीच आहे, पण तिथे लोक मोटर न बदलता सहसा 100 मिलिमीटरचा आख्खा पंखाच बदलतात.

बऱ्याच मोटरमध्ये उष्णतेने उडणारा फ्यूज असतो. तो उडाला म्हणून तार जोडून वळसा देण्याचा उपाय कुणी सुचवला तर ऐकू नका. मोटर तापली म्हणूनच तो उडाला, आणि वर किसाने भरलेला डबा लाकडी तुळयांमध्ये आहे.

कधी नुसत्या संचाची किंमत नव्या पंख्याच्या आसपास जाते. तरीही डबा शाबूत असेल तर आम्ही संचच घेऊ, कारण नव्या पंख्याचा डबा वेगळ्या मापाचा निघाला तर छत कापावं लागतं, आणि 3 इंची पाइप 4 इंची तोंडाला जोडत बसावं लागतं. पंखाच घ्यायचा ठरला तर न्हाणीघराच्या दर चौरस फुटाला 1 सीएफएम (मिनिटाला एक घनफूट हवा) असा हिशेब करा, मात्र 50 च्या खाली जाऊ नका. आवाज मोजणाऱ्या ‘सोन’चा आकडा जितका लहान, तितका पंखा शांत. पहाटे कुणी उठणारं असेल तर त्यासाठी थोडे जास्त पैसे जरूर द्या.

नवी मोटर बसली की दोन्ही नंबर आणि तारीख कागदावर लिहून बेसिनखालच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. मग ब्रेकर वर करून कागदाचा तुकडा पुन्हा जाळीला लावा. चिकटून राहिला, की पंखा लागला.