पंचवीस अटी, एक वजाबाकी

अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे क्षेत्र. इ. स. १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' येथे सिद्ध केले. पुढे पंथाच्या पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिल्या गेल्या. एका अक्षराऐवजी दुसरे लिहिणे, ही सकळ लिपीतील युक्ती.

अशी एक लिपी आपण संगणकाला शिकवू. 'क असेल तर प लिही, ख असेल तर फ लिही' असे सांगत गेलो, तर 'क' ते 'म'साठी पंचवीस अटी होतील.

आता वर्णमाला पाहा. पाच ओळी, प्रत्येकीत पाच अक्षरे. नियम असा करू : ओळीचा क्रमांक ६ मधून वजा करा, ओळीतील जागा तीच ठेवा. 'घ' पहिल्या ओळीत चौथा. ६ − १ = ५. पाचव्या ओळीत चौथा 'भ'. म्हणून 'घर'चे 'भर' झाले! नियम पुन्हा लावा, 'घर' परत मिळेल.

'र' मात्र या तक्त्यात नाही. त्यासाठी दुसरे कलम : 'इतर अक्षर तसेच ठेव.' हॅस्केलसारख्या फलनप्रधान संगणकभाषेत अशी कलमे एकाखाली एक लिहितात आणि संगणक ती वरून खाली ताडून पाहतो. 'इतर'चे कलम आधी लिहिले, तर एकही अक्षर बदलणार नाही. मुळीच लिहिले नाही, तर काम 'र'पाशी अडेल.

आणखी एक पथ्य : 'क' आणि 'ख' दोघांनाही 'प' दिला, तर पोथी लिहिता येईल, पण नेमकी वाचता येणार नाही.

आता सांगा, 'बाग'चे काय होईल? आणि 'ट' का बदलत नाही?