हात गेला, काम कागदावर नव्हतं

दिव्यांग बोर्ड हात मोजतं, त्या हाताचं काम मोजत नाही. डॉक्टरांनी माझं उजवं मनगट पुढेमागे वाकवलं, किती अंशांत वळतं ते पाहिलं आणि टक्के लिहिले. ते चाळीसच्या आत बसले. संजय गांधी निराधार योजनेचं दिव्यांगांसाठीचं महिना 2,500 रुपये अनुदान मिळायला किमान 40 टक्के लागतात. डॉक्टरांचं नियमाने बरोबर होतं. पण उमेदीची सगळी वर्षं ज्याने कोयता चालवला, त्याच्या मुठीत जोर उरला नाही तर त्याचं सगळंच काम गेलं. हे लिहायला त्या फॉर्मवर रकाना नाही.

आम्ही बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातले, बिनजमिनीचे. दरवर्षी मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला जायचो. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना माझा पाय घसरला, हात अंगाखाली सापडला. दवाखान्यात मुकादम सोबत होता. केसपेपरवर ‘कसे लागले’ यापुढे ‘घरी पडून’ असं लिहिलं गेलं आणि व्यवसाय नुसता ‘मजुरी’. मी कळांनी विव्हळत होतो, बायको कोपीवर लेकरांपाशी. तो कागद वाचणार कोण? पुढे भरपाई मागितली तर कारखाना म्हणाला, हा मजूर आमचा नाही, मुकादमाचा. मुकादमाने केसपेपरकडे बोट दाखवलं. उचल मात्र अंगावर तशीच राहिली. बायकोचंही काम सुटलं, कारण फडात हिशेब जोडीचा असतो. एकट्या बाईचा अर्धा कोयता सहसा कुणी घेत नाही.

काम बघणारा कायदा आपल्याकडे आहे, हे मला फार उशिरा एका वकिलांनी सांगितलं. 1923 च्या नुकसानभरपाई कायद्यात (आता हा विषय सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे) कमाईची ताकद किती गेली हे पाहतात. 1975 साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचं प्रकरण आलं. त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून न्यायालयाने त्याचं अपंगत्व पूर्ण धरलं. 2010 च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या मोटार अपघाताच्या निकालातही हेच आहे: हात गेलेला ड्रायव्हर किंवा सुतार आणि हात गेलेला कारकून यांचं नुकसान एकसारखं धरायचं नाही. कोयतेवाल्याने आपलं म्हणणं याच वाटेने मांडायला हवं. मात्र दावा दोन वर्षांच्या आत लावावा लागतो आणि आपण त्याच कामावर होतो हे सिद्ध करावं लागतं. मुकादम, कारखाना आणि शेतमालक यांतला जबाबदार कोण, यावर हमखास वाद होतो. म्हणून वकील लागतोच. बाई, दिव्यांग किंवा अनुसूचित जाती-जमातीतला माणूस असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण वकील फुकट देतं.

दोनचार एकर कोरडवाहू असलेले बरेच जण ऊसतोडीला जातात. त्यांनी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना विसरू नये. अपघातात एक अवयव किंवा एक डोळा निकामी झाला तर 1 लाख, दोन गेले तर 2 लाख. शेतकऱ्याच्या घरातल्या, सातबारावर नाव नसलेल्या एका सदस्यालाही ती लागू आहे. अर्ज तीस दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. त्याच टोळीत, त्याच फळीवरून पडलेल्या भूमिहीनाला त्यातला एक रुपया मिळत नाही. मला हा अन्याय वाटतो.

बायकांची गत याहून वाईट. 2019 साली आपल्या जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या 82,309 बायकांची पाहणी झाली, त्यांत 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यांतल्या कितीतरी जणींची कंबर धरते, मोळी उचलवत नाही. पण 2016 च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांत हे कुठे बसत नाही. उचल घेताना नाव नवऱ्याचं, अंगठा नवऱ्याचा; बाईने ऊस तोडला याचा पुरावा तिच्या नावाने नसतोच.

म्हणून सांगतो. लागलं तर केसपेपर स्वतः वाचा, वाचता येत नसेल तर टोळीतल्या शिकलेल्या पोराकडून वाचून घ्या. त्यावर ‘ऊसतोड करताना’ हे शब्द आणि जागा आलीच पाहिजे. पोलिसात खबर द्या. उचलीच्या करारपत्राचा आणि वजनाच्या पावत्यांचा मोबाइलवर फोटो ठेवा. बोर्डाचे टक्के पटले नाहीत तर अपील करता येतं, ते सोडू नका. पण तिथे पोटाची अडचण सांगून टक्के वाढत नाहीत, हात काय करू शकत नाही ते करून दाखवा.

आणि यंदा गाडीत बसायच्या आधी ग्रामसेवकाकडून ऊसतोड कामगाराचं ओळखपत्र घ्या. नवऱ्याचं एक, बायकोचं वेगळं.