लेसरने केस काढणे : शरीअत आणि सुरक्षितता

गेल्या काही महिन्यांपूर्वी मशिदीतील प्रश्नपेटीत एक चिठ्ठी मिळाली. खाली नाव नव्हते. हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने दाट काळे केस येतात, फज्रच्या आधी दार लावून ते काढावे लागतात, दोन स्थळे पाहून परत गेली, असे एका भगिनीने लिहिले होते. एका ब्युटी पार्लरने लेसरच्या सहा बैठकांत केस ‘कायमचे’ जातील अशी हमी तिला दिली होती. हे करणे म्हणजे अल्लाहच्या निर्मितीत ढवळाढवळ ठरेल काय, आणि त्याने चेहऱ्याला इजा तर होणार नाही ना, असे तिचे दोन प्रश्न होते.

आमच्याकडे बहुधा पहिलाच प्रश्न येतो. दुसरा लोक डॉक्टरांसाठी राखून ठेवतात. तिने दोन्ही एकत्र विचारले हे योग्यच केले. स्वतःला वा इतरांना हानी पोहोचवू नये, हा शरीअतचा पायाभूत नियम आहे. म्हणून एखाद्या उपायाने इजा होण्याची दाट शक्यता असेल, तर त्याचा हुकूम ठरवताना ती शक्यता विचारात घ्यावीच लागते.

प्रथम केसांविषयी. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्या हदीसमध्ये प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी फितरतच्या पाच गोष्टी सांगितल्या आहेत. त्यांत नाभीखालचे केस साफ करणे व काखेतील केस उपटणे यांचा समावेश आहे. हजरत अनस (रजि.) यांच्या रिवायतीनुसार या कामी चाळीस रात्रींहून अधिक विलंब होऊ नये. येथे हेतू स्वच्छतेचा आहे, साधनाचा आग्रह नाही. इमाम शाफई (रह.) न्हाव्याकडून काख साफ करून घेत असत. उपटणे ही सुन्नत आहे हे मला ठाऊक आहे, पण ती वेदना सोसवत नाही, असे ते सांगत, इमाम नववी (रह.) यांनी ही हकीकत नोंदवून ठेवली आहे. मूळ साधनाहून वेगळे साधन चालते, हे त्यावरून स्पष्ट होते. ज्या केसांना काढण्याचीच आज्ञा आहे ते लेसरने काढले आणि पुन्हा उगवलेच नाहीत, तर त्याला निर्मितीत निषिद्ध बदल म्हणता येत नाही, असे मला वाटते.

चेहऱ्याची बाब नाजूक आहे. चेहऱ्यावरील केस उपटणाऱ्या स्त्रियांविषयी कठोर हदीस आहे, आणि भुवया कोरण्याला ती लागू होते. परंतु स्त्रीला दाढी वा मिशी उगवली तर ती काढणे हराम नाही, उलट मुस्तहब आहे, असे हनफी फकीह इब्ने आबिदीन (रह.) यांनी लिहिले आहे, इमाम नववींचेही मत तसेच आहे. म्हणजे विदर्भ-मराठवाड्यातील हनफी भगिनी असो वा कोकणातील शाफई, हनुवटीच्या केसांबाबत दोघींना उत्तर एकच. पुरुषाने मात्र दाढी कायमची नाहीशी करण्यासाठी लेसर घेणे योग्य नाही. पाठीवरचे, कानावरचे केस काढायचे असतील तर हरकत नाही.

आता यंत्राकडे वळू. लेसरचा प्रकाश केसातील काळे रंगद्रव्य शोषून घेते, त्याची उष्णता होते आणि ती उष्णता केसाच्या मुळाला जाळते. या पद्धतीचा शास्त्रीय सिद्धांत अमेरिकेतील अँडरसन व पॅरिश या संशोधकांनी 1983 साली मांडला. तिच्या सगळ्या मर्यादाही यातच आहेत. पांढऱ्या केसांत रंगद्रव्य नसते, म्हणून त्यांवर परिणाम होत नाही. केस वाढीच्या अवस्थेत असतो तेव्हाच त्याचे मूळ सापडते, आणि सगळे केस एकाच वेळी त्या अवस्थेत नसतात. म्हणून काही आठवड्यांच्या अंतराने सहा-आठ बैठका लागतात. वॅक्सिंग करून किंवा उपटून गेल्यास मूळच निघून जाते आणि प्रकाशाला लक्ष्य उरत नाही. त्यामुळे आधीच्या काही आठवड्यांत फक्त वस्तरा वापरावा.

‘कायमचे’ हा शब्द तपासून घ्यावा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या यंत्रांना ‘केसांची कायमस्वरूपी घट’ असा दावा करू दिला आहे. केस कायमचे नाहीसे होतील असा दावा करण्यास परवानगी नाही. उरलेले केस विरळ आणि मऊ होतात, कधीमधी पुन्हा बैठक घ्यावी लागते. हे न सांगता आगाऊ पैसे घेणारा दुकानदार ग्राहकाला धोका देतो, आणि व्यापारातील धोक्याबाबत आपला दीन काय सांगतो हे वाचकांना माहीत आहे.

इजेचा धोका आपल्याकडे अधिक आहे, याचे कारण आपला वर्ण. सावळ्या त्वचेतही तेच रंगद्रव्य असते, त्यामुळे उष्णता केसाऐवजी कातडीत उतरू शकते. मग भाजते, फोड येतात, काळे वा पांढरे डाग महिनोन्महिने राहतात. सावळ्या त्वचेसाठी 1064 नॅनोमीटर लांबीच्या लहरींचा एनडी-याग लेसर तुलनेने सुरक्षित मानला जातो. ते यंत्र असणे आणि त्याची मात्रा ठरवता येणे, या दोन्ही गोष्टी लागतात. उन्हाने रापलेल्या त्वचेवर उपचार घेऊ नयेत, गरोदरपणी टाळावेत, आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा असल्याशिवाय यंत्र सुरू करू देऊ नये. भुवयांखाली लेसर वापरू नये, कारण डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. बधिर करणारे मलम अंगभर चोपडून त्यावर प्लास्टिक गुंडाळल्याने अमेरिकेत दोन तरुणी दगावल्या, तेव्हा 2007 साली तेथील प्रशासनाला जाहीर इशारा द्यावा लागला होता. लेसरच्या किरणांनी कर्करोग होतो ही भीती मात्र निराधार आहे. हे क्ष-किरण नव्हेत.

वैद्यकाचे ज्ञान नसताना जो उपचार करतो तो झालेल्या हानीला जबाबदार असतो, अशी हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. पार्लरमध्ये दोन दिवसांत यंत्र शिकलेल्या मुलीच्या हाती चेहरा देण्यापूर्वी ही हदीस आठवावी. आपल्या भगिनीच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट होती. तरुण स्त्रीच्या हनुवटीवर दाट केस येणे हे पुष्कळदा अंडाशयाच्या वा संप्रेरकांच्या विकाराचे लक्षण असते. मूळ विकार तसाच राहिला तर नवे केस येतच राहतात. संप्रेरकांचा बिघाड असलेल्या काही स्त्रियांच्या चेहऱ्यावर तर लेसरनंतर केस वाढल्याचेही दिसून आले आहे. म्हणून तिला आधी त्वचारोगतज्ज्ञ महिला डॉक्टरकडे जाऊन रक्ततपासणी करण्यास सांगितले.

सतरचा प्रश्न येथे येतो तेवढा इतर उपचारांत क्वचितच येतो. स्त्रीने स्त्रीच्या आणि पुरुषाने पुरुषाच्या सतरकडे पाहू नये, असे हदीसमध्ये स्पष्ट आहे. मुसलमान स्त्रीसमोर दुसरीने चेहरा, हात, काख उघडी करण्यास अडचण नाही. परंतु नाभी ते गुडघा हा भाग केवळ सोयीसाठी परक्या स्त्रीसमोरही उघडता येत नाही. वस्तऱ्याने काम होत असताना तेथे नाइलाज सिद्ध होत नाही. लग्नापूर्वीचे ‘ब्रायडल पॅकेज’ घेणाऱ्या आमच्या मुलींना हे कोणी सांगत नाही, आणि त्यांच्या मातांनाही संकोच वाटतो. घरी वापरण्याची प्रकाशयंत्रे बाजारात मिळतात. ती स्वतः किंवा पतीच्या हस्ते वापरल्यास सतरचा प्रश्न उरत नाही. ती लेसर नसून सौम्य प्रकाशाची असतात, परिणाम कमी होतो, आणि अति सावळ्या त्वचेला बरीच यंत्रे चालत नाहीत. खोक्यावरील त्वचेच्या रंगांचा तक्ता पाहूनच घ्यावीत. उपचारापूर्वी व नंतर छायाचित्रे काढण्याचा प्रघातही आहे. ती कोठे जातील हे विचारून घ्यावे, आणि नकोत असे सांगण्याचा हक्क वापरावा.

बैठकांच्या तारखा ठरवताना इहरामचे दिवस वगळावेत, कारण त्या अवस्थेत केस काढणे वर्ज्य आहे. कुर्बानी करणाऱ्याने जुलहिज्जाचा चंद्र दिसल्यापासून कुर्बानी होईपर्यंत केस काढू नयेत, अशी हदीस आहे. तेही दिवस सोडावेत. रोजा लेसरने तुटत नाही.

परवा त्याच अक्षरातली दुसरी चिठ्ठी आली. तपासणीत अंडाशयाचा विकार निघाला, औषधे सुरू झाली, आणि पहिली बैठक त्या डॉक्टरांकडेच झाली. आता तिचा प्रश्न वुजूचा आहे. उपचाराच्या वेळी लावलेले जेल पूर्ण पुसून, धुऊन मगच वुजू करावा. उन्हापासून रक्षण करणारे मलम त्वचेवर पाणी न लागू देणारा थर धरत असेल तर तेही आधी काढावे, आणि वुजूनंतर पुन्हा लावावे. फोड आला असेल व पाण्याने तो चिघळण्याचे भय असेल, तर तेवढ्या जागेवर ओला हात फिरवावा. तेही सहन होत नसेल तर ती जागा सोडून बाकीचा चेहरा धुवावा. शाफई मसलकात न धुतलेल्या त्या भागासाठी तयम्मुमही करावा लागतो. नमाज मात्र कझा करू नये. वल्लाहु आलम.