इंजिनाचा दांडा का तुटला?

वैशाखाचे दिवस होते. साक्षरतेच्या वर्गासाठी आम्ही एका गावी गेलो होतो. रात्रीचा वर्ग संपला, तेव्हा एक शेतकरी म्हणाले, “गुरुजी, उद्या सकाळी विहिरीवर या. आमचं इंजिन बघा. आता ते इंजिन राहिलं नाही, लोखंडाचा ढीग झालाय.”

सकाळी आम्ही गेलो. इंजिनाच्या पोटाला हाताएवढे भोक पडले होते. आतला दांडा तुटून पोट फोडून बाहेर आला होता. काळे तेल मातीत सांडले होते. इंजिनाजवळ बसणारा मुलगा तेवढ्यात दारं धरायला उसात गेला होता, म्हणून वाचला.

“झालं तरी काय?” आम्ही विचारले.

“पाणी कमी पडत होतं. ऊस वाळायला लागला. म्हणून स्प्रिंग आवळून इंजिन जरा पळवलं. चार दिवस झकास चाललं. मग टक्‌ टक्‌ वाजायला लागलं. म्हटलं, वाजू दे. पाणी तर येतंय! अन्‌ काल दुपारी हे असं झालं.”

इंजिन कोणत्या कारखान्याचे होते, हे सांगण्याचे कारण नाही. दोष कारखान्याचा नव्हता. मग दांडा का तुटला? हे कळायचे, तर इंजिनाच्या पोटात काय चालते, ते आधी कळले पाहिजे. चला, आपण ते समजून घेऊ.

जात्याचा खुंटा

इंजिनाचे काम समजायला जाते पुरे आहे. बाई जात्यावर दळते, तेव्हा तिचा हात पुढे जातो आणि मागे येतो. पण जात्याचा वरचा दगड मात्र गोल फिरतो. हे कशामुळे होते? खुंट्यामुळे. खुंटा मधोमध नसतो, कडेला असतो. तो मधोमध ठोकला, तर कितीही जोर लावा, जाते फिरणार नाही.

इंजिनातही असेच आहे. सिलेंडर म्हणजे लोखंडाची गोल नळी. त्यात एक दट्ट्या वर-खाली सरकतो. त्याला पिस्टन म्हणतात. सिलेंडरात तेल पेटते, वायू फुगतो आणि दट्ट्याला खाली ढकलतो. ही झाली सरळ चाल. पण पंपाला हवी गोल चाल. म्हणून खाली एक जाड आस बसवतात. हा आस मध्येच कोपरासारखा वाकवलेला असतो. ह्या वाकलेल्या भागाला क्रँक म्हणतात. क्रँक म्हणजे इंजिनातला खुंटाच.

दट्ट्या आणि क्रँक यांना जोडणारा एक दांडा असतो. तो म्हणजे कनेक्टिंग रॉड. त्याचे वरचे टोक दट्ट्याच्या पिनेवर डोलते. खालचे टोक क्रँकला मिठी मारून फिरते. ही मिठी दोन भागांची असते आणि बोल्टांनी आवळलेली असते. हे बोल्ट ध्यानात ठेवा. आपली गोष्ट त्यांच्यापाशीच येणार आहे.

ही युक्ती फार जुनी आहे. आजच्या तुर्कस्तानात हिएरापोलिस नावाचे जुने शहर होते. तेथे सुमारे १७०० वर्षांपूर्वीचे एक कोरीव चित्र सापडले आहे. पाण्याचे चाक फिरते आहे आणि क्रँक व दांडे यांनी दगड कापायच्या करवती मागे-पुढे चालत आहेत, असे त्यात दाखवले आहे. पुढे इंग्लंडात वाफेची इंजिने आली. तेथे १७८० साली जेम्स पिकार्ड याने वाफेच्या इंजिनाला क्रँक लावण्याचा हक्क सरकारातून नोंदवून घेतला. त्यामुळे जेम्स वॉटसारख्या मोठ्या कारागिरालाही काही वर्षे क्रँक सोडून दात्यांच्या चाकांची वेगळी जोडणी वापरावी लागली. एवढे मोल ह्या वाकड्या लोखंडाला होते! १८९७ साली जर्मनीत रुडॉल्फ डीझेल यांचे इंजिन यशस्वी झाले. त्यातही क्रँक आणि दांडा होताच. आपल्या विहिरीवरच्या इंजिनात आणि शेतातल्या ट्रॅक्टरात आजही तीच जोडणी आहे.

क्रँकचे माप

आता इंजिन बांधणारा माप कसे ठरवतो, ते पहा.

क्रँक आसापासून जितका लांब, त्याच्या दुप्पट दट्ट्याची धाव. इंग्लंडच्या लिस्टर कारखान्याचे एक जुने ५ अश्वशक्तीचे इंजिन प्रसिद्ध आहे. त्याच घडणीची पुष्कळ इंजिने पुढे आपल्या देशात, राजकोटकडे बनली. त्यात दट्ट्याची धाव साडेपाच इंच होती. म्हणजे क्रँक पावणेतीन इंचांचा. ते इंजिन मिनिटाला ६०० फेरे घेई. एका फेऱ्यात दट्ट्या एकदा खाली जातो आणि एकदा वर येतो. म्हणजे ११ इंच चालतो. ६०० फेऱ्यांत ६६०० इंच, म्हणजे ५५० फूट. सिलेंडरातल्या सिलेंडरात दट्ट्या मिनिटाला एवढी वाट चालतो!

आणि ही वाट तो सरळ चालत नाही. वर गेला की थांबतो, खाली आला की थांबतो. एका सेकंदात १० फेरे, म्हणजे २० वेळा थांबणे आणि २० वेळा उलट फिरणे. धावत्या बैलाला एका सेकंदात वीस वेळा मागे वळवायचे म्हटले, तर कासऱ्याचे काय होईल? दांड्याचे काम तसे आहे.

दांड्याचे माप

दांडा किती लांब ठेवावा? साधारणपणे तो क्रँकच्या चौपट लांबीचा ठेवतात. थोडा कमी-जास्त असतो. का बरे?

क्रँक फिरतो, तसा दांडा तिरका होतो. तिरका दांडा दट्ट्याला नुसते खालून अडवीत नाही, बाजूलाही रेटतो. दट्ट्या सिलेंडरच्या भिंतीवर घासतो. दांडा चौपट असेल आणि तो सर्वांत तिरका असताना दट्ट्यावर ४०० किलोचा दाब असेल, तर भिंतीवर सुमारे १०० किलोचा रेटा बसतो. दांडा तिप्पटच ठेवला, तर हाच रेटा सुमारे १४० किलो होतो. मग भिंत लवकर झिजते, तेल जास्त लागते, धूर येतो.

“मग दांडा खूप लांब का करू नये?” तुम्ही विचाराल. लांब केला, तर इंजिन उंच होते, जड होते, महाग होते. दांडाही जड होतो आणि त्यालाच हिसके जास्त बसतात. तेव्हा मधले माप काढावे लागते. बैलगाडीचे जू फार लांब नको, फार आखूड नको, तसेच हे.

जमिनीवर करून पहा

अंगणात खुंटी रोवा. तिच्याभोवती एक वीत लांबीच्या दोरीने गोल काढा. हा क्रँकचा फेरा. मग खुंटीवरून जाणारी एक लांब सरळ रेघ काढा. ही दट्ट्याची वाट. आता चार विती लांबीची काठी घ्या. हा दांडा. काठीचे एक टोक गोलावर ठेवा आणि दुसरे नेहमी रेघेवर ठेवा.

पहिले टोक गोलाच्या सर्वांत पुढच्या जागी ठेवा. रेघेवर दुसरे टोक जेथे आले, तेथे खूण करा. मग ते गोलाच्या सर्वांत मागच्या जागी ठेवा. पुन्हा खूण करा. दोन खुणांच्या बरोबर मधे तिसरी खूण करा. आता पहिले टोक गोलावर पाव फेरा फिरवून ठेवा. दुसरे टोक मधल्या खुणेवर येईल, असे वाटते ना? येत नाही. ते मधली खूण ओलांडून सुमारे दीड बोट खुंटीकडे सरकलेले दिसेल.

यातून काय कळले? क्रँक एकसारखा फिरला, तरी दट्ट्या एकसारखा चालत नाही. वरच्या अर्ध्या वाटेत तो घाईने चालतो, खालच्या अर्ध्या वाटेत सावकाश. म्हणून वरच्या टोकाला बसणारा हिसका खालच्या टोकापेक्षा मोठा असतो. काठी चौपट असेल, तर खाली तीन भाग हिसका, तर वर पाच भाग. हे हिसके कमी जाणवावेत, म्हणून क्रँकच्या उलट बाजूला लोखंडाचे वजन लावतात. पण वर-खालचा फरक असल्याने ते सगळे हिसके मारू शकत नाही. म्हणून एका सिलेंडरचे इंजिन थोडे तरी हादरतेच. त्याचा पाया भक्कम हवा, तो यासाठी.

जड चाक कशाला?

पायाची शिलाई मशीन चालवून पाहा. कधी कधी पायटा दाबला, तरी चाक फिरत नाही. हाताने थोडा धक्का द्यावा लागतो. दांडा आणि क्रँक एका रेषेत आले की असे होते. इंजिनातही प्रत्येक फेऱ्यात अशा दोन जागा येतात.

शिवाय चार धावांच्या इंजिनात दट्ट्याला जोर एकाच धावेत मिळतो. हवा आत घेणे, ती दाबणे, तेल पेटून जोर मिळणे, धूर बाहेर टाकणे, अशा चार धावा असतात. त्यांना क्रँकचे दोन फेरे लागतात. बाकीच्या तीन धावा कोण पार पाडतो? फ्लायव्हील, म्हणजे जड चाक. जोराच्या धावेत ते शक्ती साठवते आणि पुढे पुरवते. त्या चाकाजवळ आणि पट्ट्याजवळ पदर, धोतराचा सोगा, उपरणे जाऊ देऊ नका. साठवलेली शक्ती माणूस ओळखत नाही.

आता दांडा का तुटला, ते पहा

जोराच्या धावेत वायू दट्ट्याला खाली दाबतो. तेव्हा दांडा दाबला जातो. दाब तो सहज सोसतो. पण धूर बाहेर टाकण्याच्या धावेत दट्ट्या वर जातो, तेव्हा डोक्यावर दाब नसतो. त्याला तसेच वर उडून जायचे असते. त्याला ओढून परत कोण आणते? दांडा. आणि दांड्याला क्रँकशी कोण धरून ठेवते? ते बोल्ट.

लिस्टरच्या मापाचा हिशेब करू. समजा, दट्ट्या आणि त्याच्याबरोबर हलणारे लोखंड मिळून ३ किलो आहे. मिनिटाला ६०० फेरे असतील, तर वरच्या टोकाला सुमारे १०५ किलोची ओढ बसते. ३ किलोच्या लोखंडाची ओढ क्विंटलाच्या पोत्याएवढी! आता फेरे ७५० केले. वेग सव्वापट झाला. ओढ किती झाली? १३० किलो? नाही. सुमारे १६५ किलो! वेग दुप्पट झाला, तर ओढ चौपट होते. वेग ज्या पटीने वाढतो, त्या पटीला त्याच पटीने गुणले की ओढीची पट येते. बांधणाऱ्याने बोल्ट एका ठरलेल्या वेगासाठी दिलेले असतात. तो वेग ओलांडू नये, म्हणून गव्हर्नर बसवतात. आमच्या शेतकरी दादांनी नेमकी त्याचीच स्प्रिंग आवळली होती.

वेग वाढल्यावर बेअरिंग झिजले. मिठी सैल झाली. दांडा क्रँकवर आपटू लागला. तीच ती टक्‌ टक्‌. प्रत्येक ठोक्याला बोल्ट थोडा थोडा चिरत गेला. तालुक्याहून आलेल्या मिस्त्रीने तुटलेला बोल्ट आम्हांला दाखवला. तुटलेल्या जागेचा अर्धा भाग गुळगुळीत, काळपट होता. उरलेला ताजा, खरबरीत होता. तो म्हणाला, “बघा, काळा भाग आधीच चिरला होता. बोल्ट काल तुटला नाही, आठ दिवस तुटतच होता. तो ओरडून सांगत होता, ऐकलं कुणी नाही.”

दादा खाली मान घालून उभे होते. ते हळूच म्हणाले, “ऐकू येत होतं, मिस्त्री. पण उसाकडं बघू का इंजिनाकडं?”

त्यांना दोष द्यायला आमची जीभ उचलली नाही. डोळ्यांदेखत पीक वाळते, तेव्हा माणूस काय करील? पण झाले काय? थोड्या जास्त पाण्यासाठी तेल फार जास्त जळले. शेवटी इंजिन गेले आणि ते दुरुस्त होऊन येईपर्यंत होता तो ऊसही गेला.

निघताना मिस्त्रीने इंजिनावरची एक पितळी पाटी फडक्याने पुसली. तिच्यावर अश्वशक्ती आणि मिनिटाचे फेरे हे आकडे होते. दादा नुकतेच आकडे वाचायला शिकले होते. त्यांनी बोट ठेवून एकेक आकडा वाचला. मग म्हणाले, “म्हणजे हे इथं लिहिलंच होतं!”

तुमच्याही इंजिनावर अशी पाटी असेल. तिच्यावरचे तेल-माती पुसा आणि ती वाचा. अक्षरे परकी असली, तर मिस्त्रीला विचारून तेच आकडे वहीत मराठीत लिहून ठेवा.

ध्यानात ठेवा

१. पाटीवर लिहिलेल्यापेक्षा जास्त वेगाने इंजिन चालवू नका. गव्हर्नरची स्प्रिंग आवळू नका.
२. इंजिन सुरू करण्याआधी तेलाची पातळी पहा. बऱ्याच लहान इंजिनांत दांड्याचे खालचे टोकच तेल उडवते. तेल कमी, तर बेअरिंग कोरडे.
३. नवी टक्‌ टक्‌ ऐकू आली, तर इंजिन लगेच बंद करा. मिस्त्रीला बोलवा. दांडा वर-खाली हलवून सैल लागला, तर बेअरिंग पाहायलाच हवे.
४. दांड्याचे बोल्ट ओढले गेले असतील, तर पुन्हा वापरू नका. नवे, योग्य जातीचे घाला.

प्रश्न

१. जात्याचा खुंटा आणि इंजिनाचा क्रँक यांत सारखे काय आहे?
२. दट्ट्याची धाव ४ इंच असेल, तर क्रँक किती इंचांचा?
३. दांडा फार आखूड केला, तर काय बिघडते?
४. वेग तिप्पट झाला, तर बोल्टांवरची ओढ किती पट होईल?
५. तुमच्या गावातल्या एका इंजिनाची पाटी वाचा आणि तिच्यावरचे आकडे वहीत लिहा.