शोषखड्ड्यापूर्वी मातीची परीक्षा : चिनहट परिसरातील चोपण जमिनीचा धडा

लखनौच्या पूर्वेकडील चिनहट हा भाग मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. शहर या दिशेने विस्तारत असून शेतजमिनींवर घरे उभी राहत आहेत. भुयारी गटार नसेल तेथे सेप्टिक टँक व शोषखड्डा यांचाच आधार घ्यावा लागतो. टाकीचा आराखडा सहज मिळतो. परंतु तिच्यातून निघणारे पाणी जमीन सामावून घेईल काय, याची तपासणी क्वचितच होते.

मातीचे कार्य

टाकीत मैल्याचा गाळ तळाशी बसून अंशतः कुजतो. बाहेर पडणाऱ्या पाण्यात रोगजंतू व नत्रयुक्त घटक शिल्लक असतातच. पुढील शुद्धीकरण भूजलपातळीच्या वरील हवेशीर मातीत होते. निचरा अतिमंद असल्यास सांडपाणी पृष्ठभागावर येते. अतिजलद असल्यास ते पुरेसे शुद्ध न होता भूजलात उतरते. पिण्याच्या पाण्यातील नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे, हे येथे लक्षात ठेवावे.

वरचा थर फसवा

हा प्रदेश गंगेच्या गाळाच्या मैदानात मोडतो. लखनौ परिसरात चोपण जमिनींचे पट्टे आढळतात. स्थानिक भाषेत त्यांना ‘उसर’ म्हणतात. अशा जमिनीचा सामू ८.५ पेक्षा अधिक व विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांहून जास्त असते. सोडियममुळे चिकणमातीचे कण विखुरतात, छिद्रे बुजतात व निचरा मंदावतो. खाली चुनखडीच्या खड्यांचा, म्हणजे कंकराचा, घट्ट थरही असू शकतो.

जिप्सम वापरून सुधारलेल्या शेतात पीक उत्तम येते. मात्र जिप्सम वरच्याच थरात मिसळले जाते. शोषखड्डा त्याहून खोल असतो. म्हणून पीक चांगले येते, एवढ्यावरून खोलवरच्या निचऱ्याचा निष्कर्ष काढू नये.

तपासणीची पद्धत

१. प्रस्तावित खड्ड्याच्या तळापर्यंत व त्याखालीही माती काढून प्रत्येक थर पाहावा. करडे-तांबडे ठिपके दिसल्यास तेथे पाणी साचत असल्याचा संशय घ्यावा.

२. प्रत्येक थरातील कोरडे, लहान ढेकूळ पावसाच्या स्वच्छ पाण्यात न हलवता ठेवावे. भोवती दुधाळ गढूळपणा पसरल्यास माती विखुरणारी आहे, असे समजावे.

३. शोषणाच्या खोलीवर १०० ते ३०० मिमी रुंदीचे छिद्र घ्यावे. अवजाराने गुळगुळीत झालेल्या बाजू खरवडून तळाशी ५० मिमी जाड रेती घालावी. माती रात्रभर संपृक्त ठेवावी. दुसऱ्या दिवशी रेतीवर १५० मिमी पाणी ठेवून ३० मिनिटांतील घट मोजावी व पाणी २५ मिमी उतरण्यास लागणारा काळ काढावा.

४. भूजलपातळी पावसाळ्याअखेरीस मोजावी. उन्हाळ्यातील मोजणी दिशाभूल करते.

निष्कर्ष कसा काढावा

भारतीय मानक २४७०, भाग २ (१९८५) नुसार हा काळ ३० मिनिटांपर्यंत असल्यास शोषखड्डा किंवा शोषचर चालतो. ३० ते ६० मिनिटे असल्यास शोषचर घ्यावा. ६० मिनिटांहून अधिक असल्यास जैविक गाळणीसारखा पर्याय निवडावा. भूजल १८० सेंमीच्या आत असल्यास चर उंचवट्यावर घ्यावा. पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किमान १८ मीटर अंतर राखावे.

दर चौरस मीटरला दररोज किती लिटर पाणी मुरेल, हे २०४ ला त्या काळाच्या वर्गमुळाने भागून मिळते. काळ २५ मिनिटे असल्यास सुमारे ४१ लिटर. म्हणजे दररोज ५०० लिटर सांडपाण्यासाठी सुमारे १२ चौरस मीटर शोषणक्षेत्र लागते. काळ ४९ मिनिटे असल्यास हेच क्षेत्र १७ चौरस मीटरपर्यंत जाते.

महाराष्ट्रासाठी बोध

पूर्णा खोऱ्यातील चोपण जमिनींना हीच कसोटी लागू पडते. काळ्या जमिनीत उन्हाळी भेगांतून पाणी झपाट्याने उतरते. ओल येताच माती फुगून भेगा मिटतात. त्यामुळे कोरड्या मातीवर केलेली चाचणी ग्राह्य मानू नये. विस्तार कार्यकर्त्यांनी मृदा परीक्षणासाठी नमुना घेताना घरबांधणीचा विचार असल्यास खोल थरांचेही नमुने घेण्याचा सल्ला द्यावा. टाकी बांधून झाल्यावर मातीचा दोष उमगला, तर त्याची किंमत शेजारच्या विहिरीलाही मोजावी लागते.